तरण्या पोराची तांबडी लघवी



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य झालं, सीमाप्रश्न झाला, नाट्यसंगीत झालं. लघवी हा विषय पहिल्यांदाच होतो आहे. कार्यवाहांनी फोनवर विषय विचारला, मी सांगितला, आणि पलीकडून जरा वेळ काहीच ऐकू येईना. मग ते म्हणाले, "डॉक्टर, पत्रिकेत तसंच छापायचं?" मी म्हटलं, तसंच छापा. लोक कमी येतील, पण जे येतील त्यांच्या घरात एखादं तरणं पोर असेल आणि ते असली गोष्ट आईबापांना सांगत नसेल. माझं बोलणं त्यांच्यासाठी आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी निपाणीजवळच्या एका खेड्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा सायकल मारत दवाखान्यात आला. इतर पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिला आणि मग म्हणाला, "डॉक्टर, दोन दिस झालं लघवी तांबडी हुत्या. घरात सांगू नका." मी विचारलं, जळजळ आहे का? नाही. पोटात, पाठीत दुखतं का? नाही. ताप? "घसा धरलाय जरा, बाकी काय न्हाई." चैत्राचं ऊन होतं, पोरगा दिवसभर उसाला पाणी पाजत होता. मी म्हटलं, उन्हाळी लागली असेल, पाणी पी. गोळ्यांची बाटली दिली. तीन दिवसांनी लघवी स्वच्छ. तो खूश, मी त्याहून खूश.

पावसाळ्यात तो पुन्हा आला, दिवाळीनंतर तिसऱ्यांदा. दर वेळी तीच तक्रार, दर वेळी चार दिवसांत आराम. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे मी "उत्तम गुण" असं लिहून ठेवलंय. वही अजून आहे.

सात वर्षांनी त्याची आई त्याला घेऊन आली. चेहरा सुजलेला, पायावर बोट दाबलं की खड्डा राहत होता, डोकं सारखं दुखत होतं. रक्तदाब घेतला तर वरचा आकडा 190 च्या पुढे. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. दोन्ही मूत्रपिंडं आकसून लहान झाली होती. पुढे डायलिसिस, आणि शेवटी आईचं मूत्रपिंड त्याला बसवलं. पोराचं वय तेव्हा सव्वीस.

रात्री मी जुनी वही काढून बसलो. तिन्ही वेळी मीच टिपून ठेवलं होतं: घसा दुखतो, दुसऱ्या दिवसापासून लघवी लाल, वेदना नाही. रोगाने आपलं नाव तीनदा सांगितलं होतं, मला ऐकू आलं नव्हतं. हा रोग पॅरिसच्या जाँ बर्जर यांनी 1968 साली ओळखून मांडला. आज त्याला आयजीए नेफ्रोपथी म्हणतात. घशाच्या संसर्गाशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिद्रव्यं तयार करतं, त्यातली एक जात मूत्रपिंडाच्या गाळण्यांत जाऊन साचते. गाळणी सुजते, एक-दोन दिवसांत लघवी चहासारखी किंवा कोकम सरबतासारखी होते आणि चार दिवसांत आपोआप निवळते. औषध दिलं तरी निवळते, न दिलं तरी निवळते. ते श्रेय मी माझ्या गोळ्यांना दिलं होतं. बाहेरून निवळलेलं दिसत असताना काही जणांत आत गाळण्या एकेक करून बंद पडत जातात, कुणाच्या दहा वर्षांत, कुणाच्या वीस. तरुण पुरुषांत हा रोग अधिक दिसतो आणि आपल्या आशिया खंडात तो पुष्कळ आहे.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, तुम्ही होमिओपॅथ, तुम्ही काय केलं असतं? मी पाच मिनिटांची एक परीक्षा करू शकलो असतो. परीक्षानळीत लघवी घ्यायची, स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग तापवायचा, ती गढूळ झाली तर दोन थेंब ॲसिटिक ॲसिड टाकायचं. गढूळपणा तसाच राहिला तर लघवीतून प्रथिनं जात आहेत. ही परीक्षा मला कॉलेजात शिकवली होती, दिवा कपाटात होता. प्रथिनं दिसली असती तर रक्तदाबाचा पट्टा बांधला असता आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे वेळेत चिठ्ठी दिली असती. पोराची मूत्रपिंडं वाचलीच असती असा माझा दावा नाही. पण रक्तदाब ताब्यात ठेवून काही वर्षं नक्की मिळवता आली असती.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आपल्याला दोन मूत्रपिंडं, प्रत्येकात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या. दिवसभरात त्यांतून जवळपास 180 लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक शरीर परत घेतं आणि दीड-दोन लिटर लघवी होते. तिथून दोन नळ्या खाली मूत्राशयात, आणि मूत्राशयातून एक नळी बाहेर. रक्त या वाटेवर कुठेही मिसळू शकतं. एक लिटर लघवीत एक मिलिलिटर रक्त मिसळलं तरी रंग डोळ्यांना दिसतो. म्हणून लघवी लाल दिसली म्हणजे रक्ताची घागर सांडली असं समजून घाबरू नका. आणि रंग गेला म्हणजे रक्त थांबलं असंही समजू नका, कारण डोळ्यांना न दिसणारं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं.

रक्त कुठून येतंय याचा अंदाज पोराला चार प्रश्न विचारून येतो. ते प्रश्न बापाने विचारायला हवेत, पण आपल्याकडे बाप विचारत नाहीत आणि पोरं सांगत नाहीत. लाल रंग धारेच्या सुरुवातीला येतो, शेवटी येतो की अख्खी लघवी लाल असते? सुरुवातीलाच आला तर खालच्या नळीतली इजा. शेवटचे थेंब लाल असतील तर मूत्राशयाचं तोंड किंवा प्रोस्टेट. अख्खी लाल असेल तर मूत्राशय किंवा त्याच्या वर. दुसरं, गाठी पडतात का? गाळणीतून आलेल्या रक्ताच्या सहसा गाठी होत नाहीत. गाठी असतील तर खडा, इजा किंवा गाठ शोधावी. आणि गाठी गांडुळासारख्या लांबट असतील तर त्या वरच्या नळीत तयार होऊन खाली आलेल्या असतात. तिसरं, दुखतं का? चौथं, फेस येतो का आणि तो टिकतो का? टिकणारा फेस म्हणजे प्रथिनं.

त्याआधी एक सोपी गोष्ट: ते रक्तच आहे का? बीट खाल्लं की काहींची लघवी गुलाबी होते. क्षयाची रिफाम्पिसिन गोळी सुरू केली की लघवी नारिंगी-लाल होते, ते औषधाचं काम आहे, गोळी बंद करू नये. कावीळ झाली की लघवी मोहरीच्या तेलासारखी दिसते. एका मुलाच्या घरच्यांनी रात्री अकराला मला उठवलं होतं. विचारलं तर संध्याकाळी लग्नाच्या जेवणात बिटाची कोशिंबीर झालेली. मी चिडलो नाही. ते आले हेच बरं.

आपल्या भागात पोरांना जे जे होतं त्यात सगळ्यांत पुढे मुतखडा. ऊन, कमी पाणी आणि घाम. उद्यमबागेतल्या फौंड्रीत भट्टीपाशी उभी राहणारी मुलं, ऊसतोडीला जाणारी मुलं, दिवसभर ट्रॅक्टरवर बसणारी मुलं, यांची लघवी दाट होते आणि क्षार खाली बसतात. कुशीतून जांघेपर्यंत कळ जाते, माणूस एका जागी बसू शकत नाही, ओकारी होते. अशा वेळी आपल्याकडे हुलग्याचं कढण आणि पानफुटीचं पान सुरू होतं. हुलग्याला माझी हरकत नाही, कढण प्यायल्याने निदान पाणी तरी पोटात जातं. हरकत आहे ती सोनोग्राफी न करता महिनोन्‌महिने कढणावर राहण्याला. खडा नळीत अडकून बसला तर दुखणं कधी कधी थांबतं आणि मागे मूत्रपिंड फुगत जातं. कळ गेली म्हणजे खडा गेला असं नाही.

इथे आमच्या जैन मंडळींना एक विनंती. सूर्यास्तानंतर पाणी न घेणारी, दशलक्षण पर्वात उपास धरणारी घरं आपल्यात पुष्कळ आहेत, माझंही त्यांतलंच. व्रत सोडा असं मी म्हणत नाही. ज्याला एकदा खडा झालाय त्याने दिवस मावळण्याआधी मोजून पाणी प्यावं, दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं. आणि निर्जळ उपास करायचाच असेल तर आधी सोनोग्राफी करून घ्यावी. व्रत देणाऱ्या महाराजांना आजार सांगावा, ते ऐकून घेतात असा माझा अनुभव आहे.

आता तालमीबद्दल आणि भरतीबद्दल. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, त्यामुळे भरतीची तयारी हा आपल्या गावोगावचा सकाळचा कार्यक्रम. पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर 1600 मीटर धावतात, पुन्हा पुन्हा धावतात. खूप पळाल्यावर लघवीत रक्त येऊ शकतं, आणि दोन-तीन दिवस विश्रांती घेतली की ते जातं. जर्मनीत फ्लायशर नावाच्या डॉक्टरांनी 1881 साली एका सैनिकात लांब चालीनंतर लाल लघवी नोंदवली होती. तिथे अखंड रक्तपेशी येत नव्हत्या, तळपायाखाली चिरडलेल्या पेशींतला लाल रंग तेवढा लघवीत उतरत होता.

यापेक्षा धोक्याची गोष्ट बैठकांची. यात्रेच्या कुस्त्या जवळ आल्या की काही वस्ताद नव्या पोराला एकदम हजार बैठका मारायला लावतात. मांड्यांचे स्नायू आतून फुटतात आणि त्यांतला रंग लघवीत उतरतो. लघवी कोकाकोलासारखी काळपट होते, मांड्या दगडासारख्या होतात, पोराला जिना उतरता येत नाही. लॅबमधली पट्टी "रक्त आहे" असं दाखवते आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकही लाल पेशी सापडत नाही. ही खूण लॅबवाल्याने सांगितली आणि डॉक्टरने समजून घेतली तर पोर वाचतं. नाहीतर तो रंग मूत्रपिंडात अडकून दोन दिवसांत लघवीच बंद होते. त्या पोराला त्याच दिवशी दवाखान्यात सलाइनवर ठेवायचं असतं. तालमीत कुणी म्हणालं की "अंग मोडलंय, दूध पाज", तर दूध पाजा, पण लघवीचा रंग आधी विचारा.

उसाच्या फडाबद्दलही बोललं पाहिजे. घोणस, जिला कन्नडमध्ये कोळकुमंडल म्हणतात, ती चावली की रक्त गोठणं बंद होतं. हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त येतं, मागोमाग मूत्रपिंड बंद पडतं. रात्री पाण्याची पाळी द्यायला गेलेल्या पोराला वाटतं काटा लागला. सकाळी लघवी लाल दिसली आणि पाय सुजला असेल तर मांत्रिकाकडे नाही, ज्या दवाखान्यात सर्पविषावरची लस आहे तिथे न्या. तिथे काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवतात. ते गोठलं नाही तर विष भिनलंय. इतकी साधी परीक्षा आहे. भातशेतीत, गुरांच्या गोठ्यात काम करणाऱ्यांना होणारा लेप्टो हाही याच रांगेतला, ताप आणि डोळे लाल असतील तर त्याची आठवण ठेवावी.

जंतूंचा संसर्ग बायकांत नेहमीचा, तरुण पुरुषांत नाही. म्हणून पुरुषाला जळजळ आणि रक्त दोन्ही असतील तर संसर्ग का झाला ते शोधावं लागतं: खडा, प्रोस्टेटची सूज, किंवा लैंगिक संबंधातून आलेला रोग. तो शेवटचा शब्द उच्चारल्यावर समोरच्या दोन रांगांनी मान खाली घातलेली मला दिसते आहे. पोरं या एका भीतीनेच गप्प बसतात. मूत्रपिंडाचा क्षयही लक्षात ठेवा. वारंवार लघवीला लागतं, लघवीत पू असतो, आणि साध्या कल्चरमध्ये एकही जंतू उगवत नाही. असा रिपोर्ट आला की "काही नाही" म्हणून खिशात घालू नये.

निपाणीत बसून तंबाखूबद्दल न बोलणं बरं नव्हे. या तंबाखूने आपली घरं उभी केली. 1981 च्या आंदोलनात शेतकरी हमरस्त्यावर ठाण मांडून बसले, गोळीबारात माणसं गेली, हे इथल्या पिकल्या केसांना सांगायला नको. तीच तंबाखू विडी-सिगारेटीतून फुप्फुसात जाते, तिच्यातली विषं रक्तातून लघवीत उतरतात आणि तासन्‌तास मूत्राशयात साठून राहतात. ओढणाऱ्यांत मूत्राशयाचा कर्करोग न ओढणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळतो. विशी-तिशीत तो क्वचितच असतो. पण बाप किंवा काका इथे बसले असतील तर त्यांच्यासाठी सांगतो: चाळिशी ओलांडलेल्या विडीवाल्याला एकदाच, न दुखता, लाल लघवी झाली तरी दुर्बिणीने मूत्राशय बघून घ्यायचं. फ्रँकफर्टच्या रेन यांनी 1895 साली रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत हा कर्करोग दाखवून दिला, तेव्हापासून रंग आणि रसायनांच्या कामाकडेही संशयाने बघतात.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी मुद्दाम वेळ राखून ठेवला आहे ती सांगतो, कारण ती आपल्या मराठी मुलखातली आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. इजिप्तमध्ये पोरांच्या लघवीतून रक्त जाणं इतकं नेहमीचं होतं की नेपोलियनच्या सैनिकांनाही तो त्रास झाला. काही भागांत तर पोरगा वयात आल्याची ती खूण मानत. कैरोत थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरांनी 1851 साली त्याचं कारण शोधलं. मूत्राशयाच्या शिरांत राहणारा एक किडा. त्याच्या अंड्याला एका टोकाला काटा असतो, ते मूत्राशयाची भिंत फोडून बाहेर पडतं आणि धारेच्या शेवटी रक्त येतं. अंडी पाण्यात फुटतात, पिल्लं गोगलगाईत वाढतात, आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून थेट आत शिरतात.

हा रोग भारतात नाही असंच डॉक्टर समजून होते. 1952 साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात दाखवून दिला. आफ्रिकेत नव्हे, कोकणात. तिथल्या पाण्यातली फेरिसिया टेन्युइस नावाची, नखाएवढीही नसलेली गोगलगाय त्याची वाहक म्हणून पुढे आली. मला या गोष्टीत सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे: पोरांची लघवी लाल होत होती ती त्या डॉक्टरांच्या आधीही. कुणीतरी ती उष्णता म्हणून सोडून दिलीच असणार, जसं मी चैत्रात सोडून दिलं.

आमच्या घरात पाणी गाळून पितात. त्या गाळण्याने नारू नक्की अडला असता, कारण नारू पाण्यातल्या बारीक किड्यातून पोटात जातो. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण 1996 साली झाला. पण गिमवीचा किडा कातडीतून जातो, तिथे पाणी गाळून उपयोग नाही. म्हणून शांतिसेनेत किंवा नोकरीसाठी आफ्रिकेत राहून आलेल्या मुलाच्या लघवीच्या शेवटी रक्त दिसलं तर त्याने डॉक्टरांना न विचारता सांगावं, मी तिथल्या तळ्यात पोहलो होतो. अंडी सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यानच्या लघवीत जास्त सापडतात. प्राझिक्वांटेल नावाच्या गोळीने रोग बरा होतो. मूळ अडचण डॉक्टरला त्याची आठवण होण्याची.

माझ्या शास्त्राबद्दल दोन शब्द बोललो नाही तर ते प्रामाणिक होणार नाही. आमच्या पुस्तकांत जळजळीसह लाल लघवीसाठी कँथारिस आणि काळपट लघवीसाठी टेरेबिंथिना लिहिलेलं आहे. गंमत बघा, कँथारिस हा एक किडा आहे आणि तो कच्चा पोटात गेला तर स्वतःच लघवीतून रक्त पाडतो. टर्पेंटाइनचंही तेच. याच न्यायाने आमच्या गुरूंनी ती औषधं निवडली. मी चाळीस वर्षं या शास्त्रावर पोट भरलंय, त्याला नावं ठेवायला इथे आलेलो नाही. पण त्या मुलानंतर मी एक नियम केला: लघवीतून रक्त असेल तर तपासणी हातात आल्याशिवाय गोळी द्यायची नाही. माझ्याकडे येणारी काही माणसं यामुळे दुसरीकडे गेली. जाऊ देत.

तपासणी म्हणजे काय, तर लघवीची साधी आणि सूक्ष्मदर्शकाची परीक्षा, कल्चर, रक्तदाब, रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटाची सोनोग्राफी. एवढ्यावर निम्मं चित्र स्पष्ट होतं. प्रथिनं जात असतील, रक्तदाब वाढला असेल किंवा लाल पेशी वेड्यावाकड्या आकाराच्या दिसत असतील तर मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे. गाठी, खडा, इजा असेल तर शस्त्रक्रियावाल्या मूत्ररोगतज्ज्ञांकडे. ही दोन माणसं वेगळी असतात हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसतं, आणि चुकीच्या दारात महिना जातो. थंडी वाजून ताप, लघवी तुंबणं, लघवीच न होणं, मोटारसायकलवरून पडल्यावर लाल लघवी, यांत सकाळ होण्याची वाट बघू नये.

सगळं नॉर्मल आलं तरी एक काम उरतं. सहा महिन्यांनी पुन्हा लघवी आणि रक्तदाब, मग वर्षाने पुन्हा. पोरगं म्हणेल, मला काही होत नाहीये. त्या मुलालाही सात वर्षं काही होत नव्हतं.

त्याची आई अजून येते माझ्याकडे, गुडघ्यांसाठी. तिने मला त्या तीन बाटल्यांबद्दल कधी विचारलं नाही. मीच एकदा सांगायला गेलो तेव्हा म्हणाली, "असू द्या डॉक्टर, त्याचं बरं चाललंय." मला त्याने बरं वाटलं नाही.

शेवटी बाटलीबद्दल, कारण यात दर आठवड्याला गोंधळ होतो. खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली आणू नका, तिच्यात साखर राहते आणि रिपोर्टमध्ये नसलेला मधुमेह निघतो. लॅबमधून कोरी बाटली घ्या. पहिली धार सोडून मधली धरा. तासाभराच्या आत पोहोचवा, उशीर झाला तर लाल पेशी फुटून जातात आणि लॅबवाला "पेशी नाहीत" असं लिहितो. लाल लघवी झाली त्याच दिवसाची आणा, निवळल्यावरची वेगळी आणा. आणि शनिवारी संध्याकाळी नको, रविवारी आपल्याकडची लॅब बंद असते.